अ‍ॅम्प्लिफायर चालूच होत नाहीये? फ्यूज बदलण्याआधी हे वाचा

घरात स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ना लाइट, ना आवाज. परवापर्यंत तर व्यवस्थित वाजत होता! मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेला तो आता, भंगारात द्या आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या." आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, "काही नाही, फ्यूज उडाला असेल. बदलून टाक."

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. पहिला ऐकला तर एखाद्या किरकोळ पार्टसाठी वीस-तीस वर्षं टिकलेलं यंत्र भंगारात जातं. दुसरा ऐकला आणि फ्यूज पुन्हा उडाला, मग त्याहून जाड फ्यूज टाकला, तर स्पीकर किंवा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आगही लागू शकते.

खरं म्हणजे "अ‍ॅम्प डेड आहे" हा एक आजार नाही. तो वेगवेगळ्या आजारांचा एकच दिसणारा परिणाम आहे. अ‍ॅम्प चालू होताना नेमका कुठल्या टप्प्यावर थांबतोय हे कळलं, की अर्धं निदान झालं. आणि त्यातलं बरंचसं तपासणं झाकण न उघडता, फोन हातात घेऊन करता येतं. चला, क्रमाने बघूया.

चालू होताना आत काय घडतं?

फोन बूट होताना आधी लोगो येतो, मग लॉक स्क्रीन, मग नेटवर्क. अ‍ॅम्पचंही तसंच असतं, फक्त सगळं तीन-चार सेकंदांत होतं. वीज या वाटेने जाते:

भिंतीतलं सॉकेट → वायर → फ्यूज → पॉवर स्विच → ट्रान्सफॉर्मर → ब्रिज रेक्टिफायर → मोठे कपॅसिटर → अ‍ॅम्पचं मुख्य सर्किट → प्रोटेक्शन रिले → स्पीकर

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचं एसी कमी करतो. समजा तो २८-०-२८ व्होल्टचा आहे. ब्रिज रेक्टिफायर त्या एसीचं डीसी करतो आणि मोठे कपॅसिटर ते गुळगुळीत करतात. यातून साधारण अधिक ४० आणि उणे ४० व्होल्ट असे दोन सप्लाय तयार होतात. त्यावर मुख्य सर्किट चालतं.

पण स्पीकर लगेच जोडले जात नाहीत. प्रोटेक्शन सर्किट आधी दोन ते पाच सेकंद थांबतं, आउटपुटवर काही गडबड नाही ना हे बघतं, आणि मग रिले चालू करतं. तोच तो "टक्" असा आवाज. म्हणजे ठणठणीत अ‍ॅम्पचा क्रम असा: बटण, लाइट, ट्रान्सफॉर्मरची अगदी हलकी घुंई, थोड्या सेकंदांनी "टक्", आणि मग गाणं.

तुमचा अ‍ॅम्प यातल्या कुठल्या पायरीवर अडतोय?

चार प्रकारचे "डेड"

पहिला: लाइट नाही, आवाज नाही, काहीच नाही. इथे वीज आत पोहोचतच नाहीये. सॉकेट, वायर, फ्यूज, स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरची पहिली बाजू, यांतलं काहीतरी तुटलंय.

दुसरा: स्टँडबायचा लाल दिवा लागतो, पण बटण दाबून किंवा रिमोटने चालू होत नाही. वीज दारापर्यंत आली आहे, पण आतलं कुणी दार उघडत नाहीये.

तिसरा: चालू होतो आणि काही सेकंदांत "टक्" होऊन बंद पडतो, किंवा दिवा लुकलुकायला लागतो. हे प्रोटेक्शन आहे. अ‍ॅम्प मेलेला नाही, त्याने स्वतःहून थांबायचं ठरवलंय.

चौथा: लाइट आहे, डिस्प्ले आहे, पण आवाज नाही. इथे "टक्" ऐकू येतं का हे महत्त्वाचं. येत असेल तर आधी साध्या गोष्टी बघा: इनपुट चुकीचं निवडलंय का, म्यूट आहे का, 'स्पीकर ए' आणि 'बी'ची बटणं बंद आहेत का, जुन्या अ‍ॅम्पवर 'टेप मॉनिटर' दाबलेलं आहे का, हेडफोनची पिन अडकून राहिलीय का. "टक्" येतच नसेल तर तिसऱ्या प्रकाराकडे जा.

आता एक काम करा. फोनवर व्हिडिओ चालू करा, फोन अ‍ॅम्पजवळ धरा आणि एकदा बटण दाबा. दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे. नंतर तो शांतपणे बघा: कधी लाइट लागला, कितव्या सेकंदाला "टक्" झालं, दिवा किती वेळा लुकलुकला. पुढे मेकॅनिकला दाखवायलाही तो कामी येईल.

फक्त एक अट: जळका वास आला असेल किंवा धूर दिसला असेल, तर व्हिडिओसाठीसुद्धा पुन्हा चालू करू नका. पिन काढा आणि तशीच ठेवा.

पहिला प्रकार: भिंतीपासून सुरुवात

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. ज्या सॉकेटमध्ये अ‍ॅम्प होता, त्याच सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावा. फोन चार्ज होतोय? मग सॉकेट ठीक आहे. इलेक्ट्रिकल टेस्टरपेक्षा ही टेस्ट चांगली, कारण टेस्टर फक्त फेज आहे की नाही सांगतो. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टरचा दिवा लागतोच. चार्जरला मात्र दोन्ही लागतात.

मग एक्स्टेंशन बोर्ड किंवा स्पाईक गार्ड. बऱ्याच स्पाईक गार्डना ओव्हरलोड झाल्यावर बाहेर येणारं एक छोटं बटण किंवा स्वतःचा फ्यूज असतो. तो मधून काढून टाका आणि अ‍ॅम्प थेट भिंतीत लावून बघा.

पुढची गोष्ट वायर. ती मागून सुटी होणारी असेल तर दुसऱ्या यंत्राची तशीच वायर लावून बघा. डेस्कटॉप कॉम्प्युटरची तीन पिनची वायर किंवा रेडिओला येते ती दोन पिनची, जी बसते ती.

तुमचा अ‍ॅम्प कुणी दुबई-शारजाहून आणला असेल तर एक खास गोष्ट बघा. तिथे ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी पिनांची प्लग वापरतात आणि त्या प्लगच्या आतच एक फ्यूज असतो. आपल्याकडच्या प्लगमध्ये तो नसतो, त्यामुळे आपल्या लक्षातच येत नाही. अ‍ॅम्प ठीक आणि प्लगमधला फ्यूज गेलेला, असं होऊ शकतं.

परदेशातून आणलेल्या सेटवर मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टरही असू शकतो. तो ११० किंवा १२० वर सरकलेला असेल आणि आपण २३० व्होल्टला लावला, तर फ्यूज उडणारच. साफसफाई करताना, सामान हलवताना हा स्विच सरकू शकतो. पिन काढून तो २२०-२४० वर आहे ना ते बघा. काही सेटना असा सिलेक्टरच नसतो. मागच्या पट्टीवर फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानसाठीचा, फक्त १२० लिहिलं असेल तर अमेरिकेसाठीचा. असा सेट आपल्या सॉकेटला थेट लावायचा नसतो, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

शेवटी, मागच्या बाजूला वेगळा मेन स्विच आहे का बघा. काही मॉडेलमध्ये तो असतो आणि कपाट पुसताना बंद होतो. हसू नका, हे होतं.

दुसरा प्रकार: लाल दिवा आहे, पण उठत नाही

आधी रिमोट आणि अ‍ॅम्प यांतला दोषी शोधा. फोनचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि बटण दाबा. रिमोटचा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यांना बहुतेकदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फी कॅमेऱ्याने बघा. ठिपका दिसला तर रिमोट ठीक आहे.

अ‍ॅम्पवरच्या बटणानेही चालू होत नसेल तर पिन काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. या मॉडेलमध्ये आत एक छोटा प्रोसेसर असतो आणि फोनसारखाच तोही कधीकधी अडकतो. वीज गेली-आली, असं दोन-तीनदा पटापट झाल्यावर हे जास्त होतं.

तरीही नाही? मग संशय स्टँडबाय सप्लायवर जातो. आणि इथे एक गंमत आहे. तुम्ही अ‍ॅम्प रोज एक तास ऐकता, म्हणजे वर्षाला ३६५ तास. पण भिंतीवरचं बटण बंद केलं नाही, तर स्टँडबाय सप्लाय वर्षाचे पूर्ण ८,७६० तास चालू असतो. त्यातल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव रसायन असतं आणि ते उष्णतेने हळूहळू सुकतं. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं, की या कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून "न वापरताच खराब झाला" असं वाटतं. तो वापरात होता, फक्त आपल्याला दिसत नव्हता.

चांगली बातमी ही, की हे छोटे कपॅसिटर स्वस्त असतात आणि ते बदलणं मेकॅनिकसाठी नेहमीचं काम आहे.

तिसरा प्रकार: "टक्" होऊन बंद

इथे बहुतेक जण पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात. तसं करू नका. आत खरंच शॉर्ट असेल तर प्रत्येक वेळी तो धक्का नव्याने बसतो.

त्याऐवजी असं करा. पिन काढा. स्पीकरच्या सगळ्या वायर अ‍ॅम्पच्या मागून काढा. बाकीच्या वायरही काढा: टीव्ही, फोन, डीव्हीडी, सगळं. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आता फक्त पॉवरची वायर लावून चालू करा. (हे ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पसाठी आहे. काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू करायचा नसतो.)

चालू राहिला? अभिनंदन, दोष अ‍ॅम्पच्या बाहेर आहे. बऱ्याचदा स्पीकरच्या वायरचा एखादा केसासारखा तांब्याचा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. वायरची टोकं नीट पिळून पुन्हा बसवा. मग एकेक स्पीकर जोडून बघा, अर्थात प्रत्येक वेळी पिन काढून. एखाद्या स्पीकरनंतर पुन्हा बंद पडला तर तो स्पीकर किंवा त्याची वायर दोषी. मल्टीमीटर असेल तर स्पीकरची टोकं मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. शून्याच्या जवळ आकडा आला तर आत शॉर्ट आहे.

अ‍ॅम्प बंद कपाटात आहे, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर फुलदाणी, अशी स्थिती असेल तर तापून बंद पडणंही शक्य आहे. थंड असताना अर्धा तास चालतो आणि मग बंद पडतो, ही त्याची खूण.

सगळं काढूनही काही सेकंदांत बंद पडत असेल, तर दोष आत आहे आणि बहुतेकदा तो आउटपुट ट्रान्झिस्टरचा असतो. ते मोठे, हीटसिंकला घट्ट बसवलेले असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की आतले ४० व्होल्ट डीसी सरळ स्पीकरच्या टर्मिनलवर येतात.

याचा अर्थ काय, तो हिशोब करून बघा. स्पीकरच्या कॉइलचा रोध ६ ओहम. ४० भागिले ६ म्हणजे जवळपास ६.७ अ‍ॅम्पिअर. गुणिले ४० व्होल्ट, म्हणजे २६० वॉटहून जास्त उष्णता, आणि तीही केसासारख्या बारीक तारेच्या कॉइलमध्ये. कॉइल काही क्षणांत जळते. कागदी कोनही पेट घेऊ शकतो. प्रोटेक्शन रिले हे होऊ देत नाही.

म्हणून लक्षात ठेवा: कुणी "रिले डायरेक्ट करून देतो, चालू होईल" असं म्हणालं तर नको म्हणा. अ‍ॅम्प चालू होईलही कदाचित, पण स्पीकर जातील.

एकही स्क्रू न उघडता करायची मल्टीमीटर टेस्ट

काहीच लाइट नसलेल्या अ‍ॅम्पसाठी ही टेस्ट फार कामाची आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो.

अ‍ॅम्पची पिन भिंतीतून काढा. हे दोनदा तपासा. काढल्या काढल्या पिनांच्या धातूला बोट लावू नका, मिनिटभर थांबा. मल्टीमीटर रोध मोजायच्या सेटिंगवर ठेवा, घोड्याच्या नालेसारखं चिन्ह असतं तिथे, २०० ओहमवर. अ‍ॅम्पचं पॉवर बटण दाबून 'चालू' स्थितीत ठेवा. आता मल्टीमीटरच्या दोन तारा प्लगच्या दोन मुख्य पिनांना लावा. तीन पिनचा प्लग असेल तर जाड लांब पिन सोडून द्या, ती अर्थिंगची.

दाबून खटका बसणारं बटण आणि साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पमध्ये काही ओहमपासून साठ-सत्तर ओहमपर्यंत आकडा येतो. म्हणजे वायर, फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची पहिली बाजू, ही पूर्ण साखळी जोडलेली आहे. एका आकड्यात चार गोष्टी तपासून झाल्या. दोष पुढे कुठेतरी आहे.

काहीच आकडा आला नाही, स्क्रीनवर डाव्या कडेला नुसता '१' राहिला, तर साखळी कुठेतरी तुटलेली आहे.

स्टँडबायवाल्या मॉडेलमध्ये छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर असू शकतो आणि तिथे काहीशे ते दोन-तीन हजार ओहम येणं नॉर्मल आहे. त्यासाठी मीटर वरच्या रेंजवर न्या. आत एसएमपीएस असेल, म्हणजे मोबाइल चार्जरच्या पद्धतीचा सप्लाय, तर या टेस्टवरून ठाम काही सांगता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आम्ही हेच करतो. पूर्ण प्रोग्रॅम वाचत बसत नाही, मधोमध तपासतो आणि बग अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवतो. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. हार्डवेअरलाही हीच युक्ती लागू पडते.

झाकण उघडायचं का?

पिन काढली म्हणजे आत वीज नाही, असं नसतं. इथेच माणसं फसतात.

मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० व्होल्टला भरला तर त्यात ८ जूल ऊर्जा असते. अधिक ४० आणि उणे ४० मिळून ८० व्होल्टचा फरक. एसएमपीएसवाल्या सेटमध्ये तर पहिल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं, कारण २३० व्होल्ट एसीचं टोक तिथपर्यंत जातं. बिघडलेल्या सेटमध्ये ही साठवलेली वीज बराच वेळ टिकू शकते, कारण ती नेहमी खाऊन टाकणारं सर्किटच बंद पडलेलं असतं.

काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढतात. ते बघायला भारी वाटतं, पण डोळ्यांना आणि कपॅसिटरला दोन्हीला वाईट. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये मेकॅनिक १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी कपॅसिटरला जोडतात, मिनिटभर ठेवतात आणि मग मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आलंय का ते मोजतात.

तुम्ही मल्टीमीटर कधी हातात धरला नसेल तर माझा सरळ सल्ला: झाकण उघडू नका. जाळीतून फोनचा टॉर्च मारून आत बघा. टोपी फुगलेला कपॅसिटर, काळा पडलेला बोर्डाचा भाग, आणि हो, मेलेली पालही दिसू शकते. उबदार जागा म्हणून पाली आत शिरतात आणि दोन टर्मिनलमध्ये अडकतात. जाळीतून तार, पिन काहीही आत घालू नका.

मल्टीमीटर येत असेल आणि उघडणारच असाल, तर पिन काढून, थांबून, कपॅसिटरचं व्होल्टेज मोजून मगच हात घाला. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो काढा. आणि उघडा सेट सॉकेटला लावून मोजमाप करणं हे अनुभवी माणसाचं काम आहे, ते त्याच्यावर सोडा.

फ्यूज काय सांगतोय ते ऐका

फ्यूज उडणं हा बहुतेकदा दोष नसतो. तो दोषाचा साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराकडे बघून बरंच कळतं.

काचेच्या फ्यूजमधली तार मध्येच तुटलेली आहे, पण काच स्वच्छ आहे? मग भार थोडासाच वाढला असेल किंवा फ्यूज वय होऊन थकला असेल. काच आतून काळी किंवा चांदीसारखी चकचकीत झालीय? मग प्रचंड करंट गेला. आत शॉर्ट आहे असंच समजून चाला. हा अंदाज आहे, पुरावा नाही, पण चांगला अंदाज आहे. डोळ्यांना अखंड दिसणारा फ्यूजही गेलेला असू शकतो, म्हणून मीटरची बीप ऐकून खात्री करा.

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 'टी ३.१५ ए, २५० व्ही'. यातलं 'टी' फार महत्त्वाचं. त्याचा अर्थ सावकाश उडणारा. अ‍ॅम्प चालू होताना ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतात. 'टी' फ्यूज तेवढा क्षण सहन करतो. त्याच्या जागी दुकानदाराने 'एफ', म्हणजे पटकन उडणारा दिला, तर अ‍ॅम्प ठीक असूनही फ्यूज उडत राहील.

म्हणून फ्यूज बदलायचा तर: तोच आकडा, तेच अक्षर, तेच व्होल्ट. पांढरा सिरॅमिक असेल तर सिरॅमिकच. आणि एकदाच. दुसराही लगेच उडाला तर तिसरा टाकायचा नाही.

चांदी लावणं, तार गुंडाळणं, ३ च्या जागी १० अ‍ॅम्पिअरचा टाकणं, हे सगळं एकच काम करतं: जो भाग जळायला हवा होता त्याच्याऐवजी दुसरं काहीतरी जळायची सोय. मग ट्रान्सफॉर्मर हाच फ्यूज होतो, आणि बिघडलेल्या अ‍ॅम्पमध्ये बदलायला सगळ्यात महाग आणि मिळायला सगळ्यात अवघड पार्ट बहुतेकदा तोच असतो. काही ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात तापल्यावर कायमचा तुटणारा थर्मल फ्यूज असतो. त्यालाही बायपास करायचं नसतं. तो गेला म्हणजे ट्रान्सफॉर्मर एकदा धोक्याच्या पातळीपर्यंत तापला होता.

पावसाळ्यात घराचा न्यूट्रल तुटून सगळ्या बल्बचा प्रकाश अचानक वाढला आणि त्यानंतर अ‍ॅम्प गेला, असं झालं असेल तर ते मेकॅनिकला नक्की सांगा. थ्री-फेज लाइनमध्ये न्यूट्रल सुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात. अशा वेळी बऱ्याच सेटमध्ये फ्यूजशेजारी बसवलेला चकतीसारखा पार्ट, व्हॅरिस्टर, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा सेट वाचवतो. तेवढ्यावर निभावलं तर दुरुस्ती छोटी असते.

शंभर वॉटचा बल्ब: मेकॅनिकची जुनी युक्ती

चांगला मेकॅनिक नवा फ्यूज टाकून सेट थेट भिंतीत लावत नाही. तो मध्ये सिरीज बल्ब लावतो. जुना पिवळ्या प्रकाशाचा, तारेचा १०० वॉटचा बल्ब. एलईडी चालत नाही.

कारण साधं आहे. १०० भागिले २३०, म्हणजे या बल्बमधून जास्तीत जास्त ०.४३ अ‍ॅम्पिअर जातात. आत पूर्ण शॉर्ट असला तरी त्याहून जास्त करंट सेटला मिळतच नाही. फक्त बल्ब लख्ख पेटतो, आणि काही जळत नाही.

बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर मोठा शॉर्ट नाही. लख्ख पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट आहे. अजिबात लागला नाही, तर साखळी तुटलेली आहे. मग मेकॅनिक ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या तारा सोडवून पुन्हा बघतो. अजूनही लख्ख? ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या अलीकडचं काहीतरी. मंद झाला? दोष पुढे, म्हणजे ब्रिज, कपॅसिटर किंवा आउटपुटमध्ये. पुन्हा तेच, अर्धं-अर्धं करत जाणं. हा सिरीज बोर्ड घरी उघड्या तारांनी बनवायच्या फंदात मात्र पडू नका.

मेकॅनिककडे जाताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, ही पार्टसाठीची ठरलेली ठिकाणं. पण दुकानापेक्षा माणूस महत्त्वाचा. चार गोष्टी विचारा:

१. "फ्यूज का उडाला होता?" याचं उत्तर नसेल तर दुरुस्ती झालेली नाही.

२. "एकच ट्रान्झिस्टर बदलला की जोडी?" एक शॉर्ट झाला की बहुतेकदा त्याचा जोडीदार, मागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि ०.२२ ओहमसारखा छोटा रेझिस्टरही दुखावलेला असतो. एकच बदलला तर चार दिवसांनी पुन्हा तेच.

३. "पार्ट ओरिजिनल आहेत का?" २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी इतकी लोकप्रिय आहे की बाजारात तिच्या नकली आवृत्त्या भरपूर आहेत. जुन्या सेटमधल्या एसटीके आयसीचंही तेच. नकली पार्ट कमी आवाजात चालतो आणि व्हॉल्यूम वाढवला की जातो.

४. "जुने पार्ट परत द्याल का?" हे आधीच सांगून ठेवा.

अ‍ॅम्प घरी आल्यावर आधी साधे, स्वस्त स्पीकर लावून तासभर कमी आवाजात वाजवा. महागडे स्पीकर त्यानंतर. आणि रोजची सवय म्हणून ऐकून झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, वर आणि बाजूंना हवा खेळायला जागा ठेवा.

आणि सेट उचलून नेण्याआधी मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज पाठवा. रिकाम्या जागा तुमच्या तुम्ही भरा:

"नमस्कार दादा. टू-चॅनल अ‍ॅम्प आहे, मॉडेल ____. सॉकेट आणि वायर तपासली, ठीक आहे. बटण दाबल्यावर लाइट येतो / येत नाही. ____ सेकंदांनी टक् होऊन बंद होतो. सगळे स्पीकर काढूनही तसंच होतं / चालू राहतो. पिन काढून प्लगवर मोजलं तर ____ ओहम येतात. जळका वास आला होता / नव्हता. बंद पडला त्या दिवशी लाइट कमी-जास्त झाली होती / नव्हती. फ्यूज बदललेला नाही. व्हिडिओ आणि मागच्या पट्टीचा फोटो पाठवतोय. कधी आणू?"

असा मेसेज आल्यावर कुठलाही जाणकार मेकॅनिक फोनवरच निम्मं निदान सांगेल. आणि "बघतो, ठेवून जा, फ्यूज असेल" एवढंच उत्तर आलं, तर सेट उचलायचे कष्ट वाचले समजा आणि दुसरा मेकॅनिक शोधा.